कारवीचं वर्ष

“एवढं बाळंतपणातसुद्धा कुणी केलं नव्हतं माझं,” अक्का खिडकीच्या काचेशी पुटपुटत होती. “कानटोपी काय, मफलर काय, पायात मोजे काय. गणपतीला पोचवायला नेतात तेव्हा त्यालासुद्धा एवढं गुंडाळत नाहीत.”

हे आमच्यासाठी नव्हतं. पण दाजींच्या त्या छोट्या गाडीत कुणालाच स्वतःशी बोलायची सोय नव्हती. गाडी चालवता चालवता दाजींनी आरशातून मागे पाहिलं. मी अक्काच्या मांडीवरची शाल उगाच सारखी केली, आणि तिनं ती तितक्याच नेमानं विस्कटली.

“नले, मी काय कपाटातली बाहुली आहे? सारखी नीट करू नकोस मला.”

“गार वारा आहे, अक्का.”

“वारा बाहेर आहे. तू आत आहेस.”

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. सप्टेंबर होता. पाटण मागे टाकून गाडी घाटाला लागली होती आणि पुढचं वळण तेवढं दिसेल इतकंच धुकं आम्हाला रस्ता देत होतं. आम्ही चांदेघळच्या तलावावर चाललो होतो. डोंगरमाथ्यावरचा लहानसा तलाव. त्याच्याभोवती वनखात्यानं पायवाटा आखल्यात, झाडांना पाट्या लावल्यात, बसायला बाकं केलीत. कराड-साताऱ्याची माणसं डबे घेऊन येतात, होडीत फोटो काढतात आणि पाट्या न वाचता परत जातात. त्या पाट्यांवरचा मजकूर माझ्या दाजींचा. अकरा वर्षं ते तिथं वनपाल होते. अक्कानं तलावाकाठच्या क्वार्टरमध्ये संसार केला, आणि त्यांची केतकी त्या काठावर चालायला शिकली.

आणि तरी अक्कानं कारवी फुललेली कधी पाहिली नव्हती.

कारवी म्हणजे डोंगरउतारावर माणसापेक्षा उंच वाढणारं झुडूप. वर्षानुवर्षं नुसती पानं. मग एका पावसाळ्यात सगळा डोंगर एकदम जांभळा-निळा होतो, आणि फुलून झालं की ती सगळी झाडं वाळून जातात. दाजी तिथं रुजू झाले त्या वर्षी ती फुलली, तेव्हा अक्का केतकीच्या बाळंतपणाला माहेरी होती. पुढच्या वेळी ती कराडात अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करत होती. त्याच्या पुढच्या वेळी केतकीची दहावी.

“वनपालाची बायको मी,” ती लोकांना सांगायची. “हलवायाच्या पोराला मधुमेह असावा तशी.”

पंधरा दिवसांपूर्वी दाजी जेवता जेवता म्हणाले होते, “यंदा कारवीचं वर्ष आहे. तुला दाखवून आणतो.”

अक्कानं घास तसाच ठेवून विचारलं होतं, “खरंच?”

“मी कधी खोटं सांगितलंय?”

हे मात्र खरं होतं. दाजी खोटं सांगत नसत. त्या वर्षापर्यंत.

कारण त्या वर्षी आम्ही दोघंही तेच करत होतो. अक्काला आम्ही सांगितलं होतं की तुझ्या यकृताला सूज आहे, काविळीनं धरलंय, पथ्य पाळलं की उतरेल. कराडच्या डॉक्टरांनी मला आणि दाजींना आत बोलावून दुसरंच सांगितलं होतं. कुठल्या गाठी आणि कुठवर पसरल्यात ते त्यांनी कागदावर काढून दाखवलं. मग पेनचं टोपण लावत म्हणाले, “दिवाळी मिळाली तर मिळाली.”

मी ब्लाउज शिवते. गेली पंचवीस वर्षं कराडात माझं तेच चाललंय. तर त्या दोन महिन्यांत अक्का दुपारी झोपली की मी तिच्या कपाटातले ब्लाउज दोन-दोन करून उचलून न्यायची आणि दोन्ही बाजूंच्या शिवणी अर्धा इंच आत घेऊन परत ठेवायची. मग आणखी अर्धा. परकराची काळजी नव्हती, नाडी कुणाची साक्ष देत नाही. अक्का आरशापुढं उभी राहून म्हणायची, “बघ नले, तुझे दाजी म्हणतात वाळलीस. ब्लाउज तर तसाच बसतोय.” माझ्या हातून इतकी सफाईदार शिवण एरवी कधी झाली नाही.

जर्मनीतल्या केतकीलाही आम्ही काही सांगितलं नव्हतं. तिची नवी नोकरी. वर्षाला एकदा पंधरा दिवस रजा मिळणार होती आणि ती दिवाळीला यायची होती. “शनिवारी तिकीट काढते, आई,” असं ती म्हणाली होती. आम्ही तलावावर निघालो तो शनिवारच होता.

*

तलाव दिसला नाहीच. दिसल्या त्या काठाला साखळीनं बांधलेल्या हंसाच्या आकाराच्या होड्या. एका हंसाची चोच मोडलेली होती. माहिती केंद्रात काचेच्या पेटीत पेंढा भरलेलं एक शेकरू होतं, त्याचा एक डोळा गळून पडला होता. बरणीतला साप पांढरा पडला होता.

“हे तुमच्या वेळेपासूनच आहे ना?” अक्का म्हणाली.

“शेकरू माझ्या वेळचं. साप आधीचा.”

“बिचारे. तुमच्या तावडीतून मेल्यावरसुद्धा सुटका नाही.”

दारात पाटी होती. निसर्गवाट क्रमांक दोन, कारवी वाट. आणि खाली दाजींचं वाक्य, “थांबा. ऐका. मग पुढे जा.”

अक्कानं ते मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. “घरी यातलं एकतरी कधी केलंय का विचार.”

तेवढ्यात आतून गमबूट घातलेली, खाकी जाकीटवाली एक बाई आली, थबकली, आणि वाकून दाजींच्या पाया पडली. “साहेब! ओळखलं न्हाई व्हय? सारिका. झोऱ्यांची. वरच्या वस्तीवरची. केतकीला पाटकुळी घेऊन फिरवायची मी.”

सारिका झोरे आता तिशीची झाली होती आणि वाटाड्या म्हणून काम करत होती. अक्काला पाहून तिचा चेहरा क्षणभर उतरला. मला तो दिसला, आणि अक्काला दिसू नये म्हणून मी मध्ये उभी राहिले.

“आम्हाला वाट माहीत आहे, सारिका,” दाजी घाईनं म्हणाले. “तू बस. आम्ही जाऊन येतो.”

“धुकं असलं की माणूस संगं न्यायाच लागतो, साहेब. तुम्हीच केलेला नियम हाय.”

“येऊ दे की तिला,” अक्का म्हणाली. “तुमच्याशी बोलून बोलून मला कंटाळा आलाय.”

दाजी तिच्याकडे न बघता वाटेला लागले. मला ते खटकलं. ज्या मुलीला त्यांनी झाडांची नावं शिकवली, तिला ते टाळत होते.

*

वाट रुंद होती आणि चढ बेताचा. दाजींनी घडीचं स्टूल आणलं होतं. दहा पावलं चालायचं, अक्काला बसवायचं, पुन्हा उठायचं. दर बसण्याला दाजींकडे काहीतरी दाखवायला असे. ओल्या कातळावरची चिमुकली निळी फुलं दाखवून ते म्हणाले, “सीतेची आसवं. ही किडे खातात.”

“सीतेनं तेवढंच शिल्लक ठेवलं होतं,” अक्का म्हणाली.

मग तेरडा दाखवला, सोनकी दाखवली. धुक्यात एक पक्षी शीळ घालत होता, सूर सापडत नसलेल्या माणसासारखा. तो शीळकरी कस्तूर, हेही सांगून झालं. दोन्ही बाजूंना डोक्यावर कारवी उभी होती. खरखरीत मोठी पानं, त्यांच्या कडांवरून पाणी ठिबकत होतं. हिरवी, नुसती हिरवी. तिच्याबद्दल मात्र दाजी एक शब्द बोलत नव्हते.

“अहो, कारवी हीच ना?”

“हीच.”

“मग फुलं?”

“या उतारावर उशिरा येतात. पुढच्या वळणावर असतील.”

सारिकानं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. दाजींनी तिच्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या वळणापर्यंत आम्हाला अर्धा तास लागला. अक्काचा श्वास ऐकू येत होता. तिथंही हिरवंच. अक्का स्टुलावर बसली, तिनं हात लांबवून एक फांदी जवळ ओढली, पानं उलटीसुलटी करून बघितली. पानांच्या बगलेत काही नव्हतं. शेजारची फांदी ओढली. धान्य निवडताना ती जशी बघायची, तशी बघत होती.

“काय शोधताय, मावशी?” सारिकानं विचारलं.

“कळी गं. एखादी कळी तरी असेल.”

“कशाची?”

“कारवीची. आणखी कशाची?”

“कारवीची कळी?” सारिका हसली. “औंदा?”

दाजी वाटेच्या कडेला उभे होते. त्यांनी पाठ फिरवली.

“मावशी, औंदा कुठली? सात पावसाळं नुसता पाला, आठव्याला फूल. औंदा सातवा हाय.”

“तुझी मोजण्यात चूक होत असेल.”

“कारवी मोजण्यात आमची चूक कशी व्हईल? घराचा कूड तिचाच की. फुलून वाळली की काठ्या तोडायच्या, भिंत विणायची, वरनं शेणमाती. मागं फुलली त्या साली जुना कूड पडला हुता, नवी काठी वाळायची हुती, म्हणून मला बाळंतपणाला आईच्या खोपटात पडायला लागलं. माझी धाकटी त्या साली दसऱ्याला झाली. ह्या दसऱ्याला सात पुरी हुतील. कारवी फुडल्या साली.”

धुक्यात शीळकरी कस्तूर पुन्हा सूर शोधायला लागला.

मग अक्का बोटं मोजायला लागली. “केतकी झाली तेव्हा फुलली. ती आठ वर्षांची असताना फुलली, सासूबाई आजारी होत्या. दहावीत सोळा.” ती थांबली. “म्हणजे चोवीसला. आणि केतकी आहे तेवीसची.” तिनं मान वर केली. “अहो!”

दाजी वळले.

“तुमचं चुकलं?”

दाजींनी टोपी काढली, तिच्यावरचं पाणी झटकलं, पुन्हा घातली. “चुकलं,” ते म्हणाले. “सातव्याला धरलं मी.”

अक्का त्यांच्याकडे बघत राहिली. वाटलं, आता हिला कळणार. पण तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू फुटलं, आणि मग ती इतकी हसली की हसण्याचा खोकला झाला आणि मला तिची पाठ चोळावी लागली.

“अगं नले, यांनी जन्मभर झाडं मोजली! सागावर नंबर घातले, बांबू मोजले, माकडंसुद्धा मोजली एकदा. आणि बायकोला एक झुडूप दाखवायचं तर वर्ष चुकले!” तिनं डोळे पुसले. “सारिका, तू सांग गं वर ऑफिसात. म्हणावं पेन्शन बंद करा यांची.”

सारिका हसली नाही. ती दाजींकडे बघत होती. तिला काहीतरी समजायला लागलं होतं.

“चल, परत फिरूया,” मी म्हटलं. “दमलीस.”

“परत काय? उलट बरंच झालं की!” अक्काच्या गालांवर त्या दिवसात पहिल्यांदा रंग आला होता. “म्हणजे पुढच्या वर्षी फुलणार. मग केतकीला कशाला आणायचं दिवाळीला? पंधरा दिवस रजा तिला, ती फराळ खाण्यात घालवायची? पुढच्या सप्टेंबरात येऊ दे. आपण सगळे येऊ. तिच्या जन्माच्या वर्षी फुललेली कारवी तिला दाखवायची. मीपण ठणठणीत असेन तोवर, अशी स्टुलावरची सवारी नको.” तिनं पिशवीतून फोन काढला. “ती आज तिकीट काढणार आहे. आधी तिला थांबवायला हवं. इथं रेंज का नाही?”

“रेंज वरच्या बाकापाशी येते,” सारिका म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिनं ओठ आत घेतले.

“कितीसं आहे?”

“हाय थोडं. पर चढ हाय, मावशी.”

“मग धर मला. या दोघांचं काही खरं नाही.”

आणि अक्का उठली. इतका वेळ दहा पावलांना बसणारी अक्का सारिकाच्या खांद्यावर हात टाकून चढायला लागली. तिला ती चढण कशानं चढता येत होती, ते मला कळत होतं.

*

मी आणि दाजी मागे राहिलो. स्टुलाची घडी घालायला दाजींना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

“दाजी, तुमचं चुकत नाही.”

“नाही.”

“मग?”

“पुढच्या वर्षी कुणाला घेऊन येऊ, नलू?”

पुढे धुक्यात अक्काचा आवाज येत होता. ती सारिकाला केतकीचं काहीतरी सांगत होती.

“शंभरात एखादं चुकार झाड असतं,” दाजी म्हणाले. “बाकीची थांबतात, ते एक वर्ष आधीच फुलून मोकळं होतं. गेल्या खेपेला याच वाटेवर होतं एक. वाटलं, यंदाही असेल. गेल्या महिन्यात दोनदा येऊन गेलो. तुम्हाला बँकेत जातो म्हणून सांगितलं होतं ते. सगळा उतार धुंडाळला. एक दांडी मिळाली असती तरी तिला सांगितलं असतं, हेच ते. तिनं कुठं पाहिलंय आधी.”

त्यांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती. स्टूल त्यांनी छातीशी धरलं होतं.

“नलू, शपथ सोडव.”

मला माहीत होतं, ते हे कधीतरी म्हणणार. डॉक्टरांकडून बाहेर पडलो तेव्हा दाजींचं पहिलं वाक्य होतं, “तिला सांगावं लागेल.” आणि मी त्यांना तिथंच, पाण्याच्या टाकीपाशी, केतकीची शपथ घातली होती. अक्काला सांगायचं नाही, केतकीलाही नाही. आमच्या वडिलांना डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. घरी आले, भिंतीकडे तोंड करून निजले, आणि अठराव्या दिवशी गेले. अक्काचं मला तसं होऊ द्यायचं नव्हतं. दाजी देवाधर्माला फारसं न मानणारे. पण मुलीची शपथ म्हटल्यावर त्यांनी मान खाली घातली आणि दोन महिने ती पाळली. ज्यानं घातली त्यानंच ती ‘सुटली’ म्हणायची, नाहीतर ती ज्याच्या नावानं घातली त्याच्यावर जाते, असं आम्ही लहानपणापासून मानत आलो. आणि बाकी काहीही मानलं नाही तरी हे मानतो.

“दिवाळी होऊ दे, दाजी.”

“दिवाळीला केतकी येणार होती म्हणून मी गप्प होतो. आता ती येत नाहीये.”

“मी करते तिला फोन. आज घरी गेल्यावर लगेच. तिला एकटीला सांगते.”

“तू तीन आठवडे हेच म्हणतेयस.”

हेही खरं होतं. तीन वेळा मी फोन हातात घेतला होता. तिनं “मावशी, आई कशी आहे?” विचारलं की माझ्या तोंडून “छान आहे गं” इतकं सहज निघायचं, की नंतर मलाच त्याची भीती वाटायची.

“मी समजावते अक्काला. म्हणते, दिवाळीला पोरीला घर हवंच. ऐकेल ती.”

“तिनं कधी कुणाचं ऐकलंय?” दाजी म्हणाले. “ती एकदा नको म्हणाली की केतकी येणार नाही. आईच्या शब्दाबाहेर नाही ती. आणि मग नोव्हेंबरात मी फोन करून काय सांगू? की ये, आता घाई नाही?”

मी म्हटलं, “चला. त्या दोघीच पुढे गेल्यात.”

मी खरंच एवढंच म्हटलं. शपथेबद्दल काही नाही.

*

बाक कड्याच्या टोकाला होतं. एरवी तिथून सगळा तलाव दिसतो म्हणे, आणि पलीकडचे डोंगरसुद्धा. त्या दिवशी बाकाच्या पुढे लोखंडी कठडा होता आणि कठड्याच्या पुढे काहीच नव्हतं. सारिकानं अक्काला बसवलं होतं आणि स्वतःचं जाकीट काढून तिच्या पाठीशी दिलं होतं. अक्काचा चेहरा घामानं चिकट झाला होता, कानटोपी मागे सरकली होती, पण फोन दोन्ही हातांत घट्ट होता.

“आली रेंज. दोन काड्या,” ती म्हणाली. “फोन लागत नाहीये. ती झोपली असेल अजून, तिकडे सकाळ आहे. आवाज पाठवते.”

केतकीनं तिला ते शिकवलं होतं. बोट दाबून धरायचं, बोलायचं, सोडलं की गेलं. अक्काला दाबून धरायचं कधी लक्षात राहायचं नाही.

“केतकी, हॅलो,” ती म्हणाली आणि फोननं टुक केलं. “गेलं? एवढंच गेलं?”

“दाबून धर,” दाजी म्हणाले. ते कठड्यापाशी उभे होते.

“तुम्ही गप्प बसा. तुम्हाला सात आणि आठ कळत नाही.” तिनं पुन्हा अंगठा ठेवला. “केतकी, अगं... ए, गेलं परत! नले, तू धर ना.”

“नको, अक्का. खाली जाऊन करू.”

“खाली जाईपर्यंत ती तिकीट काढून बसेल. शनिवारी सकाळी उठल्या उठल्या करते ती अशी कामं, माझ्यासारखी. मग ते पैसे परत मिळत नाहीत.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “तुला काय झालंय? तोंड असं का केलंयस?”

“काही नाही. धुकं.”

“धुकं तोंडात गेलं का?”

सारिका दोन पावलं मागे सरून उभी राहिली. तिला सगळं कळलं होतं. डोंगरात राहणाऱ्या बाईला माणूस किती चालेल ते चालीवरूनच कळतं.

अक्कानं मफलरचं टोक काढून फोन पुसला. फोन तोंडाजवळ नेला. यावेळी तिनं अंगठा असा दाबला की त्याचं नख पांढरं झालं.

“केतकी, आई बोलतेय. उठलीस का? अगं, ऐक. तिकीट काढू नकोस. आम्ही तलावावर आलोय, चांदेघळला. तुझ्या बाबांनी काय घोळ घातला माहितेय? कारवी यंदा नाहीचये. पुढच्या वर्षी आहे. आयुष्य वनखात्यात काढलं आणि बायकोला वर्ष चुकीचं सांगितलं. मी हसून हसून मेले.”

ती हसली. वाऱ्यानं धुक्याचा एक लोट कठड्यावरून आत आणला, आणि दाजी त्यात कमरेपर्यंत नाहीसे झाले.

“म्हणून म्हणते, दिवाळीला येऊ नकोस. रजा राखून ठेव. पुढच्या सप्टेंबरात ये, पंधरा दिवस पुरते घेऊन ये. तू झालीस तेव्हा फुलली होती, तेव्हा मी बघायला नव्हते. यावेळी आपण दोघी बघू. मी आता बरी होतेय. जेवण जातं थोडं थोडं. तू काळजी करू नकोस, मावशी आहे इथं, ती मला सारखी...”

दाजी माझ्याकडे बघत होते. ते काही मागत नव्हते. मागून झालं होतं.

अक्काचा अंगठा तसाच दाबलेला होता, आणि तो कधीही सुटला असता.

“सुटली, दाजी,” मी म्हटलं.

अक्कानं मान वळवली. “काय सुटली?”

दाजी कठड्यापासून निघाले. तीन-चार पावलांचंच अंतर होतं. ते अक्कापुढं ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी तिच्या हातावर, फोनवरच्या अंगठ्यावर, आपला हात ठेवला. तिनं अंगठा काढू नये म्हणून, की तिचा हात धरावा म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. ते फोनशी वाकले, पण बघत होते अक्काच्या डोळ्यांत.

“केतकी, बाबा बोलतोय,” ते म्हणाले. “माझं वर्ष चुकलं नव्हतं. पुढच्या वर्षी नको. दिवाळीचीही वाट बघू नकोस. मिळेल त्या विमानानं आत्ता नीघ. पुढच्या कारवीला आई नसेल.”